दुष्काळी जिल्ह्यातलं पाण्यातलं देऊळ

बीड म्हटलं की बातम्यांत दोनच गोष्टी येतात: दुष्काळ आणि ऊसतोड. पण याच बीड शहरात एक प्राचीन देऊळ चक्क पाण्यात उभं आहे. नाव कंकालेश्वर. चौकोनी कुंडाच्या मधोमध, चांदणीसारख्या कोनाकोनाच्या पायावर बांधलेलं हे शिवमंदिर शैलीवरून चालुक्यकाळातलं मानलं जातं. बाहेरच्या भिंतींवर देवतांबरोबर हाती शस्त्र घेतलेल्या स्त्रियाही कोरलेल्या आहेत. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते.

मग कमी पावसाच्या मुलखात पाण्यात देऊळ बांधायचं सुचलं कसं? उत्तर खडकात आहे. मराठवाड्याचा हा भाग लाव्हाच्या थरांनी बनलाय. काही थर घट्ट, काही भेगाळ आणि सच्छिद्र. डोंगरावर पडलेला पाऊस भेगाळ थरातून मुरत जातो, घट्ट थरावर अडतो आणि उतारावर जिथे वाट मिळेल तिथे झरा होऊन बाहेर येतो. जुन्या लोकांना अशा जागा ठाऊक होत्या. अशा ठिकाणी त्यांनी देव बसवला, कुंड बांधलं, नाहीतर विहीर खोदली.

बीडपासून जवळच, बालाघाटाच्या डोंगरात कपिलधार आहे. तिथे धबधबा आहे आणि वीरशैव संतकवी मन्मथस्वामींची समाधी. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक-तेलंगणातूनही भाविक येतात. पाणी आणि समाधी, दोन्हींचं दर्शन एकाच फेरीत होतं.

तिसरी जागा मात्र देवाची नाही. शहराच्या दक्षिणेला, सोलापूर रस्त्याकडे खजाना विहीर आहे. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सलाबतखानानं ती बांधवून घेतली. दोन भुयारी वाटांनी झऱ्यांचं पाणी विहिरीत येतं आणि तिसऱ्या वाटेनं बाहेर पडून उताराउतारानं शेतांकडे जातं. ना मोट, ना मोटार. दुष्काळातही पाणी टिकवणारी विहीर अशी तिची ख्याती आहे. सरकारी खजिना हिच्यावर खर्च झाला म्हणून हे नाव पडलं, असं लोक सांगतात.

आता जरा दूर, बालीला जाऊ. तिथलं तीर्था एम्पुल हे दहाव्या शतकापासूनचं झऱ्यावरचं मंदिर आज इन्स्टाग्रामवर सगळ्यांनी पाहिलंय. फोटोत न दिसणारी गोष्ट वेगळी आहे. बालीत ‘सुबक’ नावाच्या शेतकरी मंडळ्या आहेत. कुणाच्या भातखाचरात पाणी कधी सोडायचं हे त्या एकत्र बसून, जलमंदिरांच्या सोहळ्यांशी सांगड घालून ठरवतात. 2012 साली युनेस्कोनं ही व्यवस्था जागतिक वारशात घेतली. म्हणजे वारसा ठरलं ते नुसतं देऊळ नव्हे, पाण्याची वाटणीही.

आपण इथे देऊळ जपलं, जत्रा जपली. वाटणी मात्र सुटली. बोअर शेजाऱ्यापेक्षा खोल नेण्याची शर्यत लागली. झऱ्यांना पाणी पुरवणारे भेगाळ थर त्याच बोअरनी उपसले जातात. रानात पाणी नाही म्हणून दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकच्या साखर कारखान्यांकडे निघतात. तिथे ती तोडतात तो ऊस, म्हणजे सगळ्यात जास्त पाणी पिणाऱ्या पिकांपैकी एक.

कंकालेश्वराला गेलात तर मूर्तींचे फोटो जरूर काढा. मग कुंडाकडे पाहून एक प्रश्न विचारा: हे पाणी येतं कुठून? त्या वाटेवर आज बोअर किती, प्लॉटिंग किती आणि पाऊस मुरायला मोकळी जमीन किती उरली, हे गावातली जुनी माणसं सांगतील. पुरातत्त्व खातं दगड सांभाळू शकतं. पाणी मुरायची जागा मात्र गावालाच राखावी लागेल.