आजीच्या चौकोनाचं वय

उशीला रंगीबेरंगी लोकरीच्या चौकोनांचा अभ्रा दिसला, की पाहुणा हमखास विचारतो, "आजीनं केलाय का?" इंग्रजीतही या चौकोनाला 'ग्रॅनी स्क्वेअर' म्हणतात. त्यामुळे हा प्रकार जात्या-पाट्याइतका जुना असावा, असं उगीच वाटतं. खरं तर त्याचं वय पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजएवढं आहे. कॉलेज सुरू झालं १८८५च्या जानेवारीत. चौकोनाची आजवर सापडलेली पहिली छापील कृती आली त्याच वर्षी एप्रिलमध्ये, शिकागोच्या 'प्रेअरी फार्मर' या शेतकऱ्यांच्या नियतकालिकात.

मुळात हा चौकोन ज्यानं विणतात, तो क्रोशाच काही फार म्हातारा नाही. सुयांवर विणलेले हजारेक वर्षांपूर्वीचे मोजे इजिप्तमध्ये मिळाले आहेत; क्रोशाचे पक्के पुरावे मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मागे जात नाहीत. त्याच्या कृती छापून येऊ लागल्या त्या १८२०च्या दशकात, 'पेनेलोपे' नावाच्या डच मासिकात. त्याआधीची कुळी कुठली, यावर बरेच तर्क आहेत. त्यातला मला पटणारा तर्क आपल्याकडे येऊन पोचतो. कच्छचे मोची कारागीर ताणलेल्या कापडातून आरीच्या आकड्यानं खालचा दोरा वर ओढतात, आणि कापडावर साखळी उमटत जाते. अठराव्या शतकात हेच काम युरोपात गोल चौकटीवर होऊ लागलं. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं, की कापड काढून घेतलं तरी साखळी उभी राहते. क्रोशाची पहिली साखळी घालताना आजही हात तेच करतो, फक्त खाली कापड नसतं.

आयर्लंडमध्ये १८४५पासून बटाट्याचं पीक सडलं आणि दुष्काळ पडला, तेव्हा जोगिणींच्या मठांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि तिच्यावर घरं चालली. मिशनऱ्यांबरोबर ही विद्या आंध्रात नरसापूरला आली. त्र्यंबकला उगम पावलेली गोदावरी जिथं समुद्राला मिळते, त्या मुलखात. गोव्यातही मठांमधून मुली ती शिकल्या. पण हे सगळं काम बहुतेक पांढऱ्या सुताचं. पांढरं सूत उरलं तर पुढच्या नगाला वापरता येतं, त्याची अडचण कसली?

अडचण केली रंगानं. १८५६ साली विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा पोरगा लंडनमध्ये डांबरातल्या रसायनांपासून हिवतापावरचं क्विनाइन बनवायला बसला आणि त्याच्या हाती लागला जांभळा रंग. त्यामागून कृत्रिम रंगांची रांगच लागली. गिरणीची रंगीत लोकर दुकानातून विकत आणायची सवय मध्यमवर्गात मुरली, आणि तिच्याबरोबर आली उरलेली लोकर. ती का उरते, हे विणणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. एका घाण्यातला लाल आणि दुसऱ्या घाण्यातला लाल यांत फरक पडतोच. म्हणून गुंड्यावरच्या पट्टीवर लॉट नंबर छापलेला असतो, आणि शहाणी बाई स्वेटरला सहा गुंडे लागत असतील तर सात आणते. कमी पडला तर त्या लॉटचा पुन्हा मिळेल याचा भरवसा नाही. सातवा गुंडा उरतो. गोधडीत जुनेर जातं, इथं जातं ते कोरं. म्हणजे हा चौकोन गरिबीचा नाही, दुकानदारीचा आहे. पुढे टंचाईत तो कामी आला, एवढंच.

आता त्याची घडण पाहा. चार-पाच साखळ्या घालून कडं करायचं. त्यात तीन-तीन खांबांचे, म्हणजे उभ्या टाक्यांचे, चार पुंजके, मधे साखळ्या. या साखळ्या म्हणजेच चार कोपरे. पुढच्या प्रत्येक फेरीत कोपऱ्यात दोन-दोन पुंजके घालायचे, आणि कडेला फट असेल तिथं एकेक. पहिल्या फेरीत चार, दुसरीत आठ, तिसरीत बारा, चौथीत सोळा. प्रत्येक फेरी पूर्ण होऊन संपते, म्हणून तिथं रंग बदलता येतो. अगदी छोटा तुकडा मधल्या फेरीत खपतो, मोठा बाहेरच्या. शिवाय खांब खालच्या टाक्यात घालायचे नसतात, दोन पुंजक्यांमधल्या फटीत घालायचे असतात. त्यामुळे एखादा धागा जरा जाड, एखादा बारीक असला तरी खपून जातं. उरलेल्या लोकरीची प्रत्येक खोड ओळखून कुणीतरी ही वीण बसवली आहे. कुणी, ते छापील कृतीवरून कळत नाही. छापण्याआधी ती बऱ्याच हातांतून गेली असावी.

युरोप-अमेरिकेत या चौकोनांची पांघरुणं झाली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१पासून ब्रिटनमध्ये कपड्यांबरोबर लोकरही कुपनावर गेली. तेव्हा जुने स्वेटर उसवून त्यांची लोकर पुन्हा विणली जाई. सत्तरच्या दशकात तरुण पोरींनी चौकोनांची जाकिटं घातली. आपल्याकडे लोकरीचं पांघरूण घ्यायला थंडी असते किती? नाशिक-पुण्यात महिनाभर. म्हणून इथं चौकोनांची तोरणं झाली, थाळीपोश झाले, टीव्हीवरचे रुमाल झाले आणि उशांचे अभ्रे झाले. लोकर म्हणायची एवढंच. आता ती असते बहुधा लुधियानाची ॲक्रिलिक. धुतली तरी आटत नाही, हा तिचा मोठा गुण.

सोळा इंची उशीला चार इंचाचे सोळा चौकोन बसतात. मागची बाजू जुन्या सुती साडीची केली तरी चालते, पण पुढच्या बाजूला आत अस्तर हवं, नाहीतर फटींतून कापूस डोकावतो. खरा त्रास टोकांचा. चार फेऱ्या, चार रंग. प्रत्येक रंगाची दोन टोकं. सोळा चौकोनांची झाली एकशे अठ्ठावीस. पिशवीत अर्धवट पडलेले अभ्रे बहुतेक या आकड्यापाशी अडलेले असतात. उपाय विणतानाच करायचा: चार बोटं टोक सोडून ते फटीच्या काठाशी आडवं धरायचं आणि पुढचे खांब त्याच्यावरूनच घालायचे. उलटी बाजू आतच जाणार म्हणून काही जणी नुसत्या गाठी मारून मोकळ्या होतात. पण ॲक्रिलिक निसरडं असतं, दोन-चार धुण्यांत गाठी सुटतात, आणि मधली फेरी आधी जाते.