तिसरा साचा

गिरणगावाचा इतिहास चाळताना १९२८ सालापाशी मी नेहमी थबकतो. मुंबईचा विणकर तोवर सामान्यतः दोन साचे सांभाळी. ‘कार्यक्षमते’च्या नावाखाली काही मालकांनी त्याच्याकडे तीन सोपविण्याचा घाट घातला. हिशेब सरळ : तिघांचे काम दोघांनी करायचे, तिसऱ्याने घरी बसायचे! उरलेल्यांना मजुरी थोडी अधिक मिळणार होती. तरीही एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर राहिले. कारणे इतरही होती, वेतनकपातीची विशेषतः. पण मला नवल वाटते ते ज्यांची नोकरी शाबूत होती त्यांचे. त्यांच्या वाट्याला येणारा तिसरा साचा कालपर्यंत शेजाऱ्याचा होता. आणि तो शेजारी, वाचकहो, पुष्कळदा रात्री त्यांच्याच खोलीत पथारी टाकीत असे.