एक पौंड धान्य : बेलव्हेडिअर ते दख्खन आणि परत

कोलकात्यात कामानिमित्त काही काळ राहण्याचा योग आला, तेव्हा सुटीच्या दिवशी अलीपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन बसण्याचा परिपाठ ठेवला होता. ग्रंथालयाच्या आवारातील बेलव्हेडिअर ही जुनी वास्तू एकेकाळी बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरांचे निवासस्थान होती. १८७४ ते १८७७ या काळात तेथे सर रिचर्ड टेंपल राहत असत. हेच टेंपलसाहेब पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले, म्हणून मराठी वाचकांना हे नाव अगदीच अपरिचित नसावे. मात्र बंगालमधून मुंबईकडे येताना त्यांनी सोबत काय आणले, हे फारसे सांगितले जात नाही. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला ते ठाऊक असणे आवश्यक आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम बंगालची हकीकत. १८७३ च्या पावसाने दगा दिला आणि बिहार व उत्तर बंगालवर दुष्काळाचे सावट आले. अवघ्या सात वर्षांपूर्वी ओरिसात सरकारने वेळेवर हालचाल न केल्याने लक्षावधी माणसे मेली होती. ती नामुष्की ताजी होती. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी या वेळी हात आखडता घेतला नाही. ब्रह्मदेशातून साडेचार लाख टनांच्या आसपास तांदूळ आणला गेला. प्रारंभी मदतकार्याची देखरेख आणि पुढे प्रांताचा कारभारच टेंपल यांच्याकडे आला. कामे सढळपणे काढली, काम करू न शकणाऱ्यांना घरपोच धान्य दिले. एकूण खर्च सहा कोटी रुपयांच्या वर गेला. उपासमारीने मृत्यू जवळजवळ झालेच नाहीत.

आजच्या दृष्टीने पाहता एवढ्या कामगिरीवर सत्कार व्हायला हवा होता. झाले उलटे. दुष्काळ अपेक्षेइतका तीव्र ठरला नाही, सुमारे एक लाख टन तांदूळ शिल्लक राहिला आणि टेंपल यांच्यावर उधळपट्टीचा ठपका आला. लंडनच्या 'इकॉनॉमिस्ट'ने तर असा सूर लावला की, अशा मदतीमुळे आपल्याला जगवणे हे सरकारचे कर्तव्य आहे असे हिंदी लोकांना वाटू लागेल. माणसे वाचली याची नोंद खर्चाच्या रकान्यात झाली. जमेच्या रकान्यात तिला जागाच नव्हती. हिशेबाची ही पद्धत आपल्या कचेऱ्यांतून अजून पूर्णपणे गेली आहे, असे मी म्हणणार नाही.

१८७६ मध्ये दख्खनमध्ये आणि मद्रास इलाख्यात पाऊस पडला नाही. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत मोठा दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करण्यात आले आणि लगेचच व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी टेंपल यांना दुष्काळी भागात विशेष प्रतिनिधी म्हणून रवाना केले. काटकसर हे त्यांच्यावरील मुख्य काम. बंगालमध्ये लागलेला डाग पुसण्याची ही संधी होती आणि टेंपल यांनी ती साधली. मजुरीचा नवा दर ठरला : धडधाकट पुरुषास दिवसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि मीठ-मिरचीपुरते किरकोळ पैसे, स्त्रिया व मुले यांना त्याहून कमी. त्या बदल्यात दिवसभर खडी फोडणे, माती वाहणे. हाच तो कुप्रसिद्ध 'टेंपल वेज'. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी लेखी विरोध नोंदवला. श्रम करणाऱ्या देहाला किमान दीड पौंड धान्य आणि सोबत डाळ व भाजीपाला हवा, असे त्यांचे म्हणणे होते. मद्रास सरकारने काही महिन्यांतच दर थोडा वाढवला. तोपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेले होते. त्या दोन वर्षांच्या दुष्काळात केवळ ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

मजुरीच्या दराबरोबर दुसरी एक अट होती. तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. धडधाकट माणसाला घराच्या आसपास काम द्यायचे नाही. दहा मैलांच्या पलीकडील मोठ्या कामावर जाऊन तेथील तळावरच राहायचे. यामागील तर्क सरळ होता. जो खरोखर गरजू असेल तोच घरदार सोडून येईल. जो येणार नाही, त्याला गरज नाही असे समजावे. यालाच 'अंतराची कसोटी' म्हणत. मुंबई इलाख्यात या दोन्ही गोष्टींविरुद्ध मजुरांनी कामे सोडली. हजारो माणसे कमी मजुरी आणि दूरची छावणी नाकारून परत फिरली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी तथा सार्वजनिक काका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गावोगावची माहिती जमवून सरकारकडे अर्जांमागून अर्ज पाठवले. सरकारी बाजूचा निष्कर्ष मात्र वेगळाच होता : लोक काम सोडून जात आहेत, त्या अर्थी त्यांना मदतीची गरज नाही.

हे वाक्य मी बेलव्हेडिअरच्या आवारात वाचले आणि वाचन तेथेच थांबवावे लागले. कारण याच अर्थाचे वाक्य मी स्वतः लिहिले होते.

सेवेच्या प्रारंभीच्या वर्षांत मराठवाड्यातील एका तालुक्यात रोजगार हमीची कामे माझ्याकडे होती. या योजनेचा आम्हा मराठी माणसांना सार्थ अभिमान आहे. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर कामे काढली गेली. १९७३ च्या उन्हाळ्यात त्यांवर जवळपास पन्नास लाख माणसे होती. वि. स. पागे यांच्या आग्रहातून पुढे आलेल्या या कल्पनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरी नोकरदारांच्या व्यवसायकरातून खेड्यातील मजुराला काम, अशी त्याची रचना होती. टेंपल यांच्या काळी मदत ही मेहेरबानी होती. आपण तिला हक्क केले.

परंतु कायदा बदलला म्हणून दृष्टी बदलतेच असे नाही. तालुक्याच्या बैठकांत एक तक्रार हमखास येई : "साहेब, तुमच्या बंधाऱ्यावर झाडाखाली बसून पैसे मिळतात, मग आमच्या शेतात खुरपायला कोण येणार?" तक्रार करणाऱ्यांपैकी कोणी टोपले उचलून पाहिलेले नसे. एका वर्षी हजेरीपटावरील संख्या फारच वाढली, निधीची ओढाताण होती आणि वरून तोंडी सूचना आली की संख्या आवरा. मी काम बंद केले नाही. तसे करणे कायद्यात बसत नव्हते. गावाजवळचा पाझर तलाव 'पूर्ण होत आल्याचे' दाखवले आणि नवे काम बरेच दूर काढले. पंधरा दिवसांत हजेरी घसरली. अहवालात मी लिहिले : मजुरांकडून कामाची मागणी कमी झाली आहे.

ज्यांनी येणे सोडले त्यांत तान्ही मुले असलेल्या बायका आणि म्हातारी माणसे सर्वाधिक होती. ती पुढे कोठे गेली, याची चौकशी मी केली नाही. १८७७ चा इतिहास मला त्या वेळी ठाऊक नव्हता, ही सबब होऊ शकत नाही. काय होणार हे मला ठाऊक होते, म्हणूनच तर ते काम दूर काढले होते.

मर्यादा घालण्याचे मार्ग अनेक असतात, एवढाच याचा अर्थ. १९८८ मध्ये शेतमजुरांचे किमान वेतन वाढले, त्याबरोबर हमीवरील मजुरीही वाढली. त्यानंतर योजनेवरील कामाचे दिवसच घटले. दर वाढवला की दिवस कमी होतात, दिवस बांधून दिले की अंतर वाढते. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने कुटुंबामागे शंभर दिवसांची मर्यादा घातली. पण त्याच कायद्यात गावापासून पाच किलोमीटरच्या आत काम द्यावे, न जमल्यास दहा टक्के अधिक मजुरी द्यावी, हेही लिहिले गेले. त्या कलमाचे महत्त्व मला इतरांपेक्षा थोडे अधिक वाटले, याचे कारण वाचकांच्या ध्यानी आले असेलच.

आता पुन्हा कोलकाता. टेंपल प्रकरणानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या. दुष्काळ जाहीर झाला की किती धान्य द्यायचे, हे त्यांत ठरलेले असे. १९४३ मध्ये बंगालमध्ये मृत्यूचे थैमान सुरू झाले, तेव्हा ही संहिता कपाटात होती. ती लागू करण्यातच आली नाही. कारण सरकारी पत्रव्यवहारातूनच मिळते : संहितेनुसार द्यावे लागणारे धान्य सरकारपाशी नव्हते. हक्क मान्य केला तर तो पुरवावा लागेल, म्हणून दुष्काळाला दुष्काळ म्हणायचेच नाही! शहरातील कारखाने व कचेऱ्यांतील नोकरवर्गासाठी मात्र १९४२ पासूनच स्वस्त धान्याची व्यवस्था होती. खेड्यातला मजूर, कोळी, कारागीर या यादीत नव्हता. तो चालत कोलकात्याला आला, पदपथांवर पडून राहिला आणि दारोदार 'फ्यान', म्हणजे भाताची निथळलेली पेज मागू लागला. भात मागण्याची त्याची हिंमत नव्हती. ऑक्टोबरमध्ये वटहुकूम निघाला आणि या निराधारांना शहरातून हलवण्यास आरंभ झाला. मृतांचा आकडा वुडहेड आयोगाने पंधरा लाख मानला. नंतरच्या अभ्यासकांनी तो तीस लाखांपर्यंत नेला.

महाराष्ट्राबाहेर राहणारी आपण मंडळी दुष्काळ म्हटला की बहात्तरचा आठवतो, सुकडी आठवते, आणि आपल्या राज्याने तो निभावून नेला याचे समाधान मानतो. ते समाधान रास्त आहे. परंतु बेलव्हेडिअरमध्ये राहणारा तो अधिकारी मुळात निर्दय नव्हता. १८७४ मध्ये त्याने लक्षावधींना जगवले होते. तीन वर्षांत त्याच हाताने एक पौंडाचा हुकूम लिहिला, कारण पहिल्या कामाबद्दल बोलणी बसली आणि दुसऱ्याबद्दल गव्हर्नरपद मिळाले. तरुण अधिकारी भेटले की मी त्यांना हजेरीपट नीट पाहण्यास सांगतो. हजेरी एकाएकी घटली तर आनंदाने अहवाल लिहू नये. आधी गावात जावे आणि जी माणसे आली नाहीत त्यांच्या दारात उभे राहून का आली नाहीत ते विचारावे. मी ते केले नव्हते.