उमेळ्यातल्या दोन बाटल्या

गेल्या नाताळला आमच्या उमेळ्याच्या घरात टेबलावर दोन बाटल्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक जाड, गडद हिरव्या काचेची, बुचावर तारेची जाळी असलेली. लंडनला नर्स असलेल्या मावसबहिणीने ती बॅगेत स्वेटरात गुंडाळून आणली होती. दुसरी कोल्ड्रिंकची जुनी प्लास्टिकची बाटली. तिच्यात त्याच सकाळी झाडावरून उतरवलेली ताडी होती, फुग्यांचं पीठ आंबवायला आजीने मागवलेली.

“शॅम्पेन आणलीस होय?” मामाने विचारलं.

“शॅम्पेन नाही मामा, इंग्लंडची आहे. स्पार्कलिंग वाईन. शार्डोने द्राक्षाची.”

“इंग्रज कधीपासून वाईन करायला लागले?”

सगळे हसले. पण मामाच्या प्रश्नाचं खरं उत्तर शोधायला गेलं, की ते वसईच्या दारावरून जातं.

१६६२ सालच्या मे महिन्यात पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांचं लग्न झालं. हुंड्यात मुंबई बेट द्यायचं ठरलं होतं. तेव्हा वसई हे पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांताचं मुख्य ठाणं. सप्टेंबरात इंग्रजांची जहाजं मुंबईचा ताबा घ्यायला आली, तर इथल्या पोर्तुगिजांनी तो द्यायला नकार दिला. बेट प्रत्यक्ष हातात पडायला १६६५ उजाडलं.

त्याच वर्षी, १७ डिसेंबर १६६२ ला, लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ख्रिस्तोफर मेरेट नावाच्या डॉक्टरने एक निबंध सादर केला. त्यात त्याने नोंदवलं, की लंडनचे वाईन हाताळणारे कारागीर बाहेरून आलेल्या वाईनमध्ये साखर आणि काकवी घालतात, आणि त्यामुळे ती फसफसते. शॅम्पेनचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, तो दों पेरिन्यों हा साधू फ्रान्समधल्या ओव्हिलेर्सच्या मठात पोचला १६६८ मध्ये. म्हणजे त्याच्या सहा वर्षं आधी इंग्लंडात मुद्दाम बुडबुडे आणले जात होते, आणि कोणी तरी ते कागदावर लिहूनही ठेवलं होतं.

हे इंग्लंडात जमलं ते काचेमुळे. साखर घातली की वाईन बाटलीत पुन्हा आंबते, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि बाटलीवर दाब येतो. फ्रान्समधली काच लाकडाच्या भट्टीतली, नाजूक. ती फुटायची. इंग्लंडात मात्र १६१५ साली राजा पहिला जेम्स याने काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी केली, कारण आरमाराच्या जहाजांसाठी झाडं हवी होती. भट्टीवाले दगडी कोळशाकडे वळले. कोळशाची धग जास्त, त्यामुळे काच जाड आणि मजबूत झाली. फ्रेंच लोक तिला ‘इंग्रजी काच’च म्हणायचे. वर बूच कॉर्कचं. आजही जगातलं निम्म्याच्या आसपास कॉर्क पोर्तुगालमधूनच येतं.

एवढं सगळं असून इंग्रजांकडे स्वतःची चांगली द्राक्षं नव्हती. थंडीमुळे ती नीट पिकत नसत. १९८८ साली स्टुअर्ट आणि सँडी मॉस या अमेरिकन जोडप्याने वेस्ट ससेक्समधल्या नायटिंबर इथे शार्डोनेची लागवड केली. दक्षिण इंग्लंडात कितीतरी ठिकाणी शॅम्पेन प्रदेशासारखीच खडूची जमीन आहे. त्यांची पहिली वाईन १९९२ च्या पिकाची आणि निव्वळ शार्डोनेची होती. अशा वाईनला ‘ब्लाँ द ब्लाँ’ म्हणतात, म्हणजे पांढऱ्या द्राक्षांची पांढरी वाईन. पुढे हवा तापत गेली, इंग्लंडात द्राक्षं बरी पिकू लागली आणि २०१७ साली फ्रान्सच्या तॅतँजे या शॅम्पेन कंपनीनेच केंट परगण्यात लागवड केली. तेव्हा मामाच्या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. बुडबुडे साडेतीनशे वर्षांपूर्वीचे आणि द्राक्षं कालपरवाची.

आपल्याकडेही हा प्रयोग झालेला आहे. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला स्पार्कलिंग वाईन बनवली. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवायची, शॅम्पेनचीच पद्धत. ‘ओमर खय्याम’ नावाने ती परदेशात विकली गेली. मराठी मातीतली वाईन, फ्रेंच हात आणि नाव फारसी कवीचं! पुढे ती कंपनी कर्जात बुडाली. आज दिंडोरीला शांदोंची वाईनरी आहे, नाशिकची सुलाही स्पार्कलिंग बनवते. शार्डोनेला आपलं ऊन मानवत नाही, द्राक्षातला आंबटपणा लवकर उतरतो. म्हणून आपल्याकडे शेनिन ब्लाँसारख्या द्राक्षांवर भिस्त जास्त असते.

आता बाटली उघडू या. मामा ती जोरजोरात हलवून बूच छताला उडवणार होता. लग्नाच्या टोस्टला आपण तसंच करतो. बहिणीने हात धरला. बाटलीत पाच ते सहा वातावरणांइतका दाब असतो, गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. डोळा जाऊ शकतो.

तिने बाटली अर्धा तास बादलीत ठेवली होती, अर्धा बर्फ आणि अर्धं पाणी. नुसत्या बर्फापेक्षा ती अशी लवकर गार होते. आठ-दहा अंश पुरे. फ्रीजरमध्ये विसरली तर फुटू शकते, आणि ग्लासात बर्फ टाकला तर चव पाणचट होते. मग तिने वेष्टन काढलं, बुचावर अंगठा दाबून ठेवून तारेचे सहा अर्धे वेढे सोडले, बाटली तिरपी धरली आणि बूच न फिरवता बाटली फिरवली. ‘फट्’ नाही, नुसता उसासा. ग्लास आदल्या दिवशी साध्या गरम पाण्याने धुतले होते, कारण साबणाचा अंश राहिला तर बुडबुडे बसतात. ओतायचं दोन टप्प्यांत, आधी थोडं, फेस बसला की पुन्हा. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत नेहमीचे सहाच ग्लास होतात. आम्ही मोठी माणसं बाराजण, म्हणून प्रत्येकाला अर्धा.

लगेच प्यायचं नाही, आधी वास घ्यायचा. हिरवं सफरचंद, लिंबाची साल, आणि त्यामागे काहीतरी ओळखीचं. मामा म्हणाला, “पावाच्या भट्टीवरून सकाळी जाताना येतो तसा.” अगदी बरोबर. दुसऱ्यांदा आंबवताना यीस्ट मरून बाटलीच्या तळाशी बसतं आणि वाईन महिनोन् महिने, कधी काही वर्षं, त्याच्या सोबतीत राहते. तो वास तिथून येतो. शेवटी बाटली हळूहळू उलटी करून तो गाळ मानेत आणतात, मान गोठवून काढून टाकतात. चव लख्ख आंबट, कोरडी. बरोबर तळलेला बोंबील होता. खारट आणि तेलकट घासानंतर या आंबट घोटाने तोंड लगेच स्वच्छ होतं.

आजीने एक घोट घेतला. “आपल्या ताडीसारखीच जिभेला टोचते,” ती म्हणाली.

कोणी तरी खुदकन हसलं, आणि मला ते खटकलं. कारण आजीचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. सकाळची नीरा दुपारपर्यंत ताडी होते ती यीस्टमुळेच, आणि तिच्यातले बुडबुडे त्याच कार्बन डायऑक्साइडचे. त्याच बुडबुड्यांनी फुग्यांचं पीठ फुगतं. फरक इतकाच, की ताडीला जाड काच मिळाली नाही आणि तिच्यावर निबंध वाचणारा मेरेट मिळाला नाही. तिला मिळाला १८७८ चा मुंबई अबकारी कायदा. इंग्रज सरकारने त्यातून दारूबरोबर ताडीवरही पकड घट्ट केली, झाडांवर कर आणि परवान्यांची बंधनं आली. वसईपासून डहाणूपर्यंत ताडावर चढणारे कितीतरी भंडारी त्यावर जगत होते. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब चोरटं ठरलं, आणि आपणही ताडी म्हटलं की नाक मुरडायला शिकलो.

ताडीला वाईनच्या बरोबरीने मोजा असं माझं म्हणणं नाही. ती संध्याकाळपर्यंतच चांगली, तिला वर्षं काढायला जमत नाही. पण एका बाटलीपुढे आपण वास घेऊन, शब्द शोधून बोलतो आणि दुसरी टेबलाखाली लपवतो, यात चवीचा भाग थोडा आणि इतिहासाचा जास्त आहे.

जेवणं झाल्यावर मी टेबल आवरत होते. उरलेल्या ताडीच्या बाटलीचं झाकण घट्ट पिळायला गेले, तशी आजी आतून ओरडली, “घट्ट लावू नको गं, उडेल!”

मावसबहीण रिकामी हिरवी बाटली धुऊन बॅगेत परत ठेवत होती. आजीने ती मागून घेतली. हातात तोलून बघितली, तळाचा खोलगट भाग अंगठ्याने चाचपला.

“काच जाड आहे,” ती म्हणाली. “ही इथेच राहू दे.”