तळटीप १४ : ‘धुक्यातून निसटलेला उजेड’

१४. हिवाळ्यात पहाटे गंगापूर रोडवर समोरच्या गाडीचे दिवे अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत, यावरून लेखक एकदम दीर्घिकांकडे वळतो. उपमा चांगली आहे, पण एका ठिकाणी लंगडते. रस्त्यावरचे धुके प्रकाश विखुरते. हायड्रोजन तो गिळतो. ९१.२ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा अतिनील किरण अणूतला इलेक्ट्रॉन उडवतो आणि त्यातच खर्ची पडतो. म्हणून तप्त, तरुण ताऱ्यांचे हे किरण बहुधा घरातच संपतात. ताऱ्यांचे स्फोट आणि वारे वायूला भोके पाडतात, तिथून काय निसटतील तेवढेच.

‘पुण्याचा शोध’ म्हणजे आयुकाचे कनक साहा व सहकाऱ्यांचे २०२० मधले काम. ॲस्ट्रोसॅटच्या अतिनील दुर्बिणीला एयूडीएफएस०१ या दीर्घिकेतून सुमारे ६० नॅनोमीटरचा प्रकाश मिळाला. विश्वप्रसरणाने ताणला जाऊन तो इथे पोहोचेतो सुमारे १५० नॅनोमीटरचा झाला होता. अशा किरणांपैकी किमान २० टक्के तिथून निसटत असावेत, असा अंदाज आहे.

पहिल्या आवृत्तीतले ‘विश्वातली पहिली दीर्घिका’ हे शब्द मात्र चूक. हा प्रकाश ९३० कोटी वर्षांपूर्वी निघाला; विश्व तेव्हा साडेचारशे कोटी वर्षांचे होते. आदिम दीर्घिकांचे असे किरण वाटेतला हायड्रोजन आपल्यापर्यंत येऊच देत नाही, त्यांचा अदमास अशा नंतरच्या दीर्घिकांवरूनच बांधावा लागतो. या आवृत्तीत ‘दूरची दीर्घिका’ अशी दुरुस्ती केली आहे. — संपादक