नादारीचे दप्तर

आपल्या घराण्याचा इतिहास लिहून ठेवावा, अशी इच्छा अनेक कुटुंबांत दिसून येते. अशी इच्छा धरणारा मनुष्य प्रथम धर्मग्रामाच्या कार्यालयात येतो आणि स्नानसंस्काराची जुनी नोंदवही पाहावयास मागतो. त्याचे येणे आम्हांस आनंदाचे असते. त्या वहीत त्याला पणजोबांचे नाव सापडते, त्यांच्या आईबापांची व धर्म-मातापित्यांची नावे सापडतात. विवाहाच्या वहीत पणजीचे माहेर कळते, मृत्यूच्या वहीत दफनाची तारीख मिळते. चर्चची वही एवढे सांगते आणि थांबते. जे घर पूर्वी देवळाजवळच्या मोठ्या वाडीत होते ते गावाच्या टोकाला केव्हा गेले आणि का गेले, याचे उत्तर तिच्यात नसते.

ते उत्तर कुटुंबात बहुधा एका वाक्यात तयार असते. आजोबांनी दारूत घालवली, धाकट्या भावाने अंगठा घेतला, सावकाराने गिळली. धर्मगुरूच्या कानांवर अशी वाक्ये वारंवार येतात, विशेषतः वाटणीच्या वेळी आणि मृत्युशय्येजवळ. तीन-तीन पिढ्या ती चालतात, आणि त्यांच्या जोरावर दोन चुलत घरे एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. वाक्य खरे असेलही. परंतु ते पडताळून पाहण्याची एक जागा आहे, आणि तिकडे आपल्यापैकी फारसे कोणी वळत नाही. ती जागा म्हणजे न्यायालयातील नादारीचे दप्तर.

'नादार' हा शब्द फारसी आहे. ज्याच्याजवळ काही नाही तो नादार. आपल्या बाजारपेठेचा शब्द मात्र 'दिवाळे'. पेढी बुडाली की व्यापाऱ्याने भर दिवसा दुकानात दिवा लावून ठेवावा, अशी रूढी होती असे सांगतात, व त्यावरून हा शब्द आला असे म्हणतात. दोहोंपैकी न्यायालयाने पहिला शब्द पत्करला, आणि आमच्या मते तोच अधिक सभ्य आहे, कारण त्यात दोषारोप नाही. 'दिवाळखोर' म्हणताना मात्र आपण निवाडा करून मोकळे होतो. येथे प्रभूच्या प्रार्थनेचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. संत मत्तयाच्या ग्रीक शुभवर्तमानात जेथे 'ऋणे' हा शब्द आहे, तेथे संत लूकच्या शुभवर्तमानात 'पापे' असा शब्द आहे. प्रार्थनेत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी उभे राहिले, त्याला खोल अर्थ आहे. परंतु गावच्या बोलण्यात कर्ज म्हणजेच पाप असे समीकरण झाले, त्याला तो अर्थ नाही.

मुंबई शहरात या विषयाचे न्यायालय बरेच जुने आहे. इंग्लंडच्या पार्लमेंटने १८२८ साली कायदा करून कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन शहरांत नादार ऋणकोंच्या सुटकेसाठी न्यायालये स्थापली, आणि १८४८ साली त्याच्या जागी नवा कायदा केला. 'सुटका' हा शब्द अक्षरशः घ्यावयाचा आहे, कारण त्या काळी कर्ज न फेडणारा तुरुंगात जाई. पुढे १९०७ साली मुंबईसारख्या इलाखा-शहरांबाहेरील प्रदेशासाठी व १९०९ साली या शहरांसाठी स्वतंत्र कायदे झाले. १९०७ च्या कायद्याची जागा १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याने घेतली. आपल्या आजोबा-पणजोबांची प्रकरणे बहुतांशी १९०९ व १९२० या दोन कायद्यांखाली सापडतील.

मुंबईच्या इतिहासात या दप्तरावर सर्वांत मोठा भार पडला तो १८६५ साली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या पैशातून बँका, कंपन्या व समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजना निघाल्या, आणि कारकुनापासून शेटपर्यंत सर्वजण शेअर घेऊ लागले. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आल्याची वार्ता आली, भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी देणी भागवणे कोणालाच शक्य झाले नाही. त्या बाजाराचा राजा प्रेमचंद रायचंद हाही त्यात बुडाला. त्याच्याच देणगीतून, त्याच्या आईच्या नावाने उभारलेला राजाबाई मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. त्याच्याच शेजारी, त्याच वर्षी, उच्च न्यायालयाची इमारत पुरी झाली. ओव्हलच्या मैदानावरून दोन्ही एका दृष्टिक्षेपात दिसतात. मोठ्या माणसांच्या नादारीवर ग्रंथ लिहिले गेले. लहान माणसांची नादारी फक्त दप्तरात राहिली.

आता ती शोधावयाची कशी? प्रथम न्यायालयात जाऊ नये. तेथील कारकून पहिला प्रश्न विचारील, 'साल कोणते आणि नंबर कोणता?', आणि हात हलवीत परत यावे लागेल. आरंभ घरातून करावा. ट्रंकेतील जुन्या नोटिसा, खरेदीखते, पावत्या पाहाव्यात. त्यानंतर तलाठ्याकडील फेरफाराच्या नोंदी पाहाव्यात. सात-बारावर फेरफाराचा क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून मागे-मागे जात राहिले की जमीन दुसऱ्याच्या नावे चढली ती नोंद सापडते. खुशीने विकली असेल तर खरेदीखताचा उल्लेख येईल व त्याचा मागोवा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील सूचीत मिळेल. कोर्टाच्या हुकमाने किंवा रिसीव्हरच्या विक्रीने गेली असेल, तर नोंदीत तसा शेरा येण्याचा संभव फार. तो शेरा मिळाला की साल मिळाले, आणि साल मिळाले की निम्मे काम झाले.

यानंतर न्यायालय कोणते हे ठरवावे, आणि येथे पुष्कळ लोक फसतात. १९०९ चा कायदा उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रापुरता होता, व ते क्षेत्र पूर्वी मुंबई बेटापुरते होते. वांद्रे, अंधेरी, मालाड ही गावे तेव्हा त्या बाहेर होती. मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा १९२० साली होईपर्यंत ती ठाणे जिल्ह्यात मोडत. उपनगरांचा अंतर्भाव या क्षेत्रात १९४५ च्या कायद्याने व त्यानंतर झाला. तेव्हा १९१५ साली वांद्र्यात राहणाऱ्या गृहस्थाचे प्रकरण मुंबईत न मिळाले तर ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाचा विचार करावा. वसईकरांचा तर प्रथम तेथेच करावा. मात्र दुसरी बाजूही आहे. अर्जाच्या आधी वर्षभरात ज्याचा मुंबईत व्यवसाय असेल, त्याला मुंबईतही अर्ज करता येई. वसईचा जो शेतकरी पाने-केळी पाठवून घरीच राही त्याला ठाणे. परंतु ज्याने शहरात गाळा घेतला होता, त्याचे कागद उच्च न्यायालयात असू शकतील.

साल व न्यायालय ठरले की सरकारी राजपत्र उघडावे. एखाद्यास नादार ठरविणारा हुकूम राजपत्रात प्रसिद्ध करण्याचे बंधन दोन्ही कायद्यांत आहे. जुने खंड मुंबईत काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील पुराभिलेख संचालनालयात पाहावयास मिळतात. जाहिरात चार ओळींची असते: नाव, पत्ता, धंदा, न्यायालय, अर्जाचा क्रमांक व तारीख. तो क्रमांक उतरून घ्यावा. न्यायालयाच्या दाराची तीच किल्ली.

नावाबाबत एक सूचना द्यावीशी वाटते, कारण या बाबतीत आपल्या समाजाची अडचण इतरांहून निराळी आहे. एका गावात एकाच नावाचे आणि एकाच आडनावाचे चार पुरुष असणे आपल्याकडे नवलाचे नाही. शिवाय इंग्रज कारकुनाने 'डिमेलो' हे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले आढळते. कधी ते 'डी' खाली येते, कधी 'एम' खाली. म्हणून सूची दोन्ही अक्षरांखाली पाहावी, आणि बापाचे नाव व वय धर्मग्रामाच्या वहीशी ताडून पाहिल्यावाचून 'हेच आमचे आजोबा' असे म्हणू नये. दुसऱ्याच्या आजोबांची नादारी आपल्या घरात आणण्यात अर्थ नाही.

क्रमांक घेऊन न्यायालयाच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करावयाचा. आपण प्रकरणातील पक्षकार नसल्याने कारण सांगावे लागते. आपण वारस आहोत हे दाखविण्यास धर्मग्रामाचे दाखले येथे उपयोगी पडतात. मुंबईच्या प्रकरणांत मालमत्ता ज्याच्या स्वाधीन होते तो अधिकारी म्हणजे ऑफिशियल असायनी. जिल्ह्यात त्याच्या जागी रिसीव्हर असतो. न्यायालयाचे कागद कायमचे ठेवले जात नाहीत. १९१७ च्या एका कायद्याने निरुपयोगी कागद नष्ट करण्याची तरतूद आहे, आणि पुष्कळ फायली त्याप्रमाणे गेल्या. पण फाईल गेली तरी राजपत्रातील नोंद राहते. जिल्ह्यातील जुने कागद मोडीत असतील तर मोडी वाचणारा मनुष्य बरोबर न्यावा.

आणि फाईल सापडली तर? तर जे हाती येते ते दुसऱ्या कोणत्याही कागदात मिळत नाही. नादाराने आपली सर्व देणी, प्रत्येक धनकोचे नाव व राहण्याचे ठिकाण, आपली सर्व मालमत्ता व तिची किंमत शपथेवर लिहून द्यावयाची असते. किराणावाला, बियाणेवाला, डॉक्टर, मेहुणा, सारे त्या यादीत येऊ शकतात. ज्याच्याविषयी कोणी कधी चरित्र लिहिले नसते, अशा माणसाच्या संसाराचा एका दिवसाचा संपूर्ण हिशेब त्यात असतो. १९०९ च्या कायद्याने नादाराजवळ त्याच्या धंद्याची हत्यारे, कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी व सामान मिळून ३०० रुपयांपर्यंतची चीजवस्तू राहू दिली. प्रांतिक कायद्याखाली शेतकऱ्याची अवजारे, बैल, बियाणे यांना जप्तीतून सूट होती. बायबलात अनुवाद ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात जात्याची तळी गहाण घेण्यास मनाई आहे, ती येथे आठवते.

यादीत धनको म्हणून आपल्याच गावातील, आपल्याच चर्चमधील घरांची नावे निघतील, याची तयारी ठेवावी. ज्यांना आपण आज सुखवस्तू म्हणून ओळखतो त्यांच्या आजोबांचे दोनशे रुपये आपल्या आजोबांकडे बुडाले होते, असेही दिसेल. 'सावकाराने गिळले' एवढेच ऐकत आलेल्या नातवाला हे वाचणे सोपे नसते. म्हणून असे कागद प्रथम घरातील वडीलधाऱ्यांनी पाहावेत, आणि दुसऱ्या घराचे नाव जाहीर करण्याआधी त्या घराला सांगावे, असे आम्ही सुचवतो.

अहमदनगर जिल्ह्यातील, ज्याचे नाव आता अहिल्यानगर आहे, आपल्या धर्मग्रामांसाठी एक निराळी वाट आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे येथे दंग्यांना सुरुवात झाली, शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, आणि त्याचा परिणाम म्हणून १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साह्यार्थ कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला, आणि त्यात शेतकऱ्याच्या नादारीचे स्वतंत्र प्रकरण होते. त्या बाजूच्या कुटुंबांनी म्हणून तालुक्याच्या दिवाणी न्यायालयाचे जुने दप्तर विचारावे. वसईकडे उत्तर निराळ्या रीतीने शोधले गेले: १९१८ साली मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथॉलिक सहकारी पतपेढी निघाली, तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक.

अलीकडच्या प्रकरणांविषयी थोडेच सांगणे पुरे. २०१६ साली नवी संहिता आली. कंपन्यांची प्रकरणे राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे जातात, आणि त्यांचे हुकूम संगणकावर घरबसल्या वाचता येतात. साध्या व्यक्तीच्या बाबतीत मात्र जुने दोन्ही कायदे अजून पुसले गेलेले नाहीत.

फाईल हाती आलेली मंडळी बहुधा नादार ठरविल्याच्या हुकमापाशी थांबतात व वही मिटतात. तसे करू नये. त्यानंतर, कधी वर्षाने, कधी बऱ्याच वर्षांनी, आणखी एक कागद असतो: मुक्ततेचा हुकूम. प्रांतिक कायद्याप्रमाणे नादाराची मालमत्ता देण्याच्या रुपयामागे आठ आणेही भरत नसेल, तर न्यायालयाला विचारावे लागे की हे ज्या परिस्थितीने घडले तिला हा मनुष्य जबाबदार धरता येईल काय. त्याने हिशेबाच्या वह्या ठेवल्या होत्या काय, फेडण्याची आशा नसता कर्ज काढले काय, जुगारात, उधळपट्टीत वा बेफिकिरीने पैसा घालविला काय, हेही पाहिले जाई, आणि तसे आढळल्यास पूर्ण मुक्तता नाकारली जाई. म्हणजे आजोबांनी दारूत घालवली की पीक बुडाले, की जामीन राहिल्यामुळे फसले, हा घरातला प्रश्न एका न्यायाधीशाने दोन्ही बाजूंचे ऐकून, त्याच वेळी, कागदावर सोडविलेला असू शकतो. नक्कल मागताना या हुकमाची नक्कल वेगळी मागावी. अर्जात तसे स्पष्ट लिहिले नाही तर ती मिळेलच असे नाही.