हुसैनारा खातून आणि गरिबाचा वकील

कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला एका गरीब मुस्लिम स्त्रीचे नाव पाठ करावेच लागते. ते नाव हुसैनारा खातून. ती कायदेपंडित नव्हती, पुढारीही नव्हती. बिहारच्या तुरुंगात अडकलेल्या असंख्य अभाग्यांपैकी ती एक होती. तिच्या नावाने चाललेल्या खटल्याने गरीब आरोपीच्या हक्काला बळ दिले, हे मात्र आपल्या समाजात फारसे कोणाला ठाऊक नाही.

मोफत कायदेशीर मदतीचे तत्त्व १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने राज्यघटनेत आले. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत. तुरुंगातल्या माणसापर्यंत ते पोचले नव्हते. पोलीस आयोगाचे सदस्य के. एफ. रुस्तमजी यांनी बिहारचे तुरुंग पाहिले. हे पारशी अधिकारी आपल्या नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले. खटला उभाच न राहता वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांविषयी त्यांनी जानेवारी १९७९ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये लिहिले. गुन्हा शाबीत झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ काहींनी आधीच आत काढला होता. काही स्त्रियांवर तर आरोपही नव्हता; साक्षीदार किंवा अत्याचारपीडित म्हणून 'संरक्षणासाठी' त्यांना कोंडले होते!

ते लेख हजारोंनी वाचले असतील. वकील कपिला हिंगोरानी यांनी मात्र ते घेऊन सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. न्यायमूर्ती भगवती यांच्या खंडपीठाने अशा कैद्यांना जातमुचलक्यावर सोडण्याचे आदेश दिले. ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकारी खर्चाने वकील मिळणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, असे ठामपणे सांगितले. या खटल्यामुळे सुमारे चाळीस हजार कच्चे कैदी सुटले, असे सांगितले जाते.

असाच प्रश्न मुंबईतही होता. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात पंधरा स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे पाच जणींनी सांगितले. बारसेंच्या पत्रालाच न्यायालयाने याचिका मानले. अटक होताच पोलिसांनी जवळच्या कायदेविषयक मदत समितीला कळवावे, स्त्रियांच्या कोठडीवर स्त्री शिपाई असावेत, असा निकाल १९८३ मध्ये लागला. पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला.

या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. हक्क कागदावर आला म्हणून गरिबाच्या हाती पडला, असे झाले नाही. कोणीतरी तुरुंगापर्यंत गेले, कोणीतरी लिहिले, कोणीतरी अर्ज केला. रुस्तमजी, हिंगोरानी आणि बारसे यांनी कैद्यांचा धर्म विचारला नाही.

आज कच्च्या कैद्यांत मुसलमानांचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या वाट्याहून अधिक आहे. त्याबद्दल आपण हळहळतो, सभांतून बोलतो. पण १९८७ च्या कायद्याच्या १२ व्या कलमानुसार स्त्रियांना आणि कोठडीतील कोणालाही, उत्पन्न न पाहता, मोफत वकील मागता येतो, हे आपल्या किती मोहल्ल्यांना माहीत आहे? मुलाला पोलिसांनी नेले की आई दागिने मोडते, दलालाच्या दारी जाते. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय तिला कोणी दाखवत नाही. तिथे मिळणारा वकील दरवेळी तळमळीचाच असेल असे नाही; म्हणूनच आपल्या शिकलेल्या मुला-मुलींनी त्या यादीत नाव नोंदवले पाहिजे.

मजलुमाची बाजू घेणे हा आपल्याकडे सवाबाचा मार्ग मानला जातो. जकात-खैरातीइतकीच थोडी वकिलीही त्या मार्गाला लागावी. हुसैनाराच्या नावाने मिळालेला हक्क तिच्यासारख्याच बायाबापड्यांच्या दारी पोचवणे हे आता आपले काम आहे.